रडका चेहरा आणि केळीचा घड

डिसेंबरमधल्या एका गुरुवारी, मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला, देवपुरातल्या एका शाळेत चौथी अ च्या वर्गात माझ्या मुलीने तिच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या नावापुढे रडका चेहरा काढला. पेन्सिलीने काढला. चेहरा नीट गोल होता.

दोघी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. दुसरीपासून एकाच बाकावर बसत. खिडकीच्या रांगेतला दुसरा बाक.

त्या वर्षी प्रगती पत्रकाला एक पुरवणी जोडली होती. तिचे नाव ‘सामाजिक व भावनिक विकास’. तोवर मुलांना भागाकार येतो की नाही एवढ्यावरच शाळेचे समाधान होत असे. आता त्यांना राग येतो का, आला तर किती वेळात जातो, दुसऱ्याचे दुःख त्यांना ओळखता येते का, हेही मार्चच्या आत कळायला हवे होते. पुरवणीचे तीन भाग होते. एक वर्गशिक्षिकेने भरायचा, एक पालकांनी, आणि एक शेजारी बसणाऱ्या मुलाने. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक चेहरा काढायचा: हसरा, मधला किंवा रडका. मधल्या चेहऱ्याचे तोंड म्हणजे एक सरळ रेघ होती. तो आमच्या बाईंसारखा दिसतो, असे मुलीचे म्हणणे होते. मी बाईंना अनेकदा भेटले आहे. म्हणणे चुकीचे नव्हते.

शेजाऱ्याने भरलेला भाग गोपनीय राहील, असे पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले होते. बाक एक होता आणि त्यावर मुली दोन होत्या.

मुलीने मैत्रिणीविषयी तीन ओळी भरल्या. ‘मला मदत करते’ याला हसरा. ‘रागावर ताबा ठेवते’ याला हसरा. ‘वस्तू व खाऊ वाटून घेते’ याला रडका. शुक्रवारी पत्रके सहीसाठी घरोघरी गेली.

शुक्रवारी संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा सुरू झाली. मधला चेहरा म्हणजे पन्नास टक्के धरायचे का, असे एका वडिलांनी विचारले. एका आईने लिहिले की तिचा मुलगा घरी कधीच रागावत नाही, तेव्हा शाळेत त्याला रागवायला कोण लावते याची चौकशी व्हावी. एका गृहस्थांनी, रडक्या चेहऱ्याचा नवोदयच्या प्रवेशावर परिणाम होतो का, असा प्रश्न टाकला. त्यांना कोणी उत्तर दिले नाही, पण त्यानंतर ग्रुपवरचे वातावरण गंभीर झाले. आपल्या मुलाला दुसऱ्याचे दुःख ओळखता येते का, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मैत्रिणीच्या घरचे कोणी ग्रुपवर काही लिहीत नसत. तिचे आईवडील चोपड्याकडे गावी असतात, केळीची शेती आहे. नातीला चांगली शाळा मिळावी म्हणून आजी-आजोबांनी देवपुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आजोबांना सगळी गल्ली आबा म्हणते. पत्रकावर सही त्यांनी करायची होती. त्यांनी ते आधी वाचले.

सोमवारी सकाळी अकराला बाईंचा मला फोन आला. “ताई, जरा येऊन जाता का? एका घरी एका चेहऱ्यावरून सही अडलीये. तुमच्या मुलीचं काही नाही, म्हणजे आहे, पण तिचं नाही.” माझी ड्यूटी दुपारची असते. मी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर काम करते. त्यामुळे वेळ होता, मी गेले. पुढचे ऐकीव नाही.

शाळेच्या फाटकाशी रिक्षा उभी होती. आबा रिक्षातून उतरले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी. खांद्यावर केळीचा अख्खा घड. व्यापाऱ्याला द्यायचा माल हिरवा उतरवतात. हा घड पिवळा होता, म्हणजे घरच्यासाठी झाडावरच पिकू दिलेला. रविवारी गावाहून आलेल्या पिकअपमधून तो देवपुरात पोचला होता. वॉचमनने भेटीचे रजिस्टर पुढे केले. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात आबांनी लिहिले: केळी.

चौथी अ चा दरवाजा उघडा होता. मी आबांच्या मागे दाराशी थांबले. परिसर अभ्यासाचा तास चालू होता. आबांनी घड बाईंच्या टेबलावर ठेवला. हजेरीपट त्याच्याखाली गेला.

“आबा, हे काय आणलंत?” बाई म्हणाल्या.

“केळं शेतस. बठ्ठा पोरेसले.”

“सगळ्या मुलांना? पण आज कोणाचा वाढदिवस आहे का?”

आबांनी खिशातून घडी केलेले पत्रक काढले, उलगडले आणि रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवले. “हाई तोंड कोनी काढं?”

“आबा, ते तोंड नाही. तो निर्देशक आहे.”

“निर्देशक शे, मंग रडी का ऱ्हायना?”

वर्ग हसला. वर्गाला निर्देशक म्हणजे काय ते माहीत नव्हते. वर्ग ‘शे’ला हसला आणि ‘ऱ्हायना’ला हसला. त्यातल्या निम्म्यांच्या घरी आजी-आजोबा हेच बोलतात, ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. शाळेच्या फाटकात शिरताना मुले ते बाहेर ठेवून येतात, जशा काही शाळांत चपला ठेवतात. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच “शे, शे” म्हणाले. मैत्रिणीने डोके बाकावर ठेवले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

आबांना हसण्याचे काही वाटले नाही. मुले हसतात, असे त्यांनी धरले. “आमना घरथीन कोनी भुक्या गया नही,” ते बाईंना म्हणाले. “बठ्ठा गावले इचारा. आनि आमनी पोर वाटी खात नही?” त्यांच्या दृष्टीने पत्रकात नातीविषयी काही लिहिलेले नव्हते. पत्रकात लिहिले होते की या घराचा हात आखडता आहे. खान्देशात यापेक्षा वाईट काही लिहून कळवता येत नाही, आणि शाळेने ते सहीसाठी पाठवले होते.

मग त्यांनी घडाच्या फण्या तोडायला सुरुवात केली. “ल्या, खा बठ्ठा.” बाई म्हणाल्या की तास चालू आहे. आबा म्हणाले की त्यांची काही हरकत नाही, बाईंनी शिकवत राहावे. परिसर अभ्यासाचा धडा ‘आपला आहार’ हा होता असे लिहिले तर कोणाचा विश्वास बसणार नाही. तो नव्हता. धडा नकाशाचा होता.

आबांनी माझ्या मुलीपुढे दोन केळी ठेवली. “खा बेटा. आनि आते हासरं तोंड काढ.”

मुलीने दोन्ही केळी खाल्ली. सालींची नीट घडी करून ती दप्तराच्या खिशात ठेवली. मग ती म्हणाली, “आबा, केळी तुम्ही दिलीत. तिने नाही दिली.”

मैत्रिणीने डोके वर केले नाही.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत असे ठरले की आबांना समज द्यायची नाही, कारण ते वडीलधारे आहेत. वर्गाला समज द्यायची नाही, कारण वर्ग फक्त हसला. चूक दुरुस्त करून घ्यायची, म्हणजे चेहरा बदलून घ्यायचा, आणि सोबत मुलीकडून दोन ओळींचा खुलासा लिहून घ्यायचा. “तुम्ही तर पेपरातल्या,” आबांनी आणलेले पत्रक माझ्या हाती देत मुख्याध्यापिका म्हणाल्या. “तुम्हाला सांगायला नको, कसा लिहायचा ते.”

सांगायला नको होते हे खरे. खुलासा हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तो आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, लहान टायपात येतो. त्यात ‘नजरचुकीने’ हा शब्द असतो. नजर कोणाची चुकली ते त्यात नसते. त्या संध्याकाळी मी ड्यूटीवरून लवकर निघाले आणि जेवणाआधी मुलीला समोर बसवून मजकूर सांगितला: माझ्याकडून नजरचुकीने रडका चेहरा काढला गेला, त्याबद्दल दिलगीर आहे.

तिने पेन्सिल ठेवली. “नजरचुकीने नाही काढला. बघून काढला.”

“असं लिहायची पद्धत असते.”

“खोटं लिहायची?”

“खोटं नाही. शब्द असतो तो.”

“पण ती खरंच देत नाही ना डब्यातलं.”

तेव्हा मी तिला जे पहिल्या दिवशी विचारायला हवे होते ते विचारले. मैत्रिणीच्या डब्यात काय असते? भाकरी असते, ती म्हणाली. काळपट, खारट, एकदम भारी लागते. दुसरीत असताना एकदा तिने दिली होती. म्हणजे कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. मग आता का देत नाही? “आता ती डब्याचं झाकण उभं करून त्याच्यामागे खाते. तिसरीत सगळे भाकर भाकर करून हसले होते ना, तेव्हापासून. मला तर पाहिजे असते. मी रोज मागते.”

तिने रडका चेहरा काढला कारण तिला भाकरी हवी होती. पुरवणीत याला जागा नव्हती.

ही माहिती माझ्याकडे सोमवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास होती. ती मी बाईंना कळवू शकले असते. आबांचे घर चार गल्ल्या सोडून आहे, तिथे जाऊन सांगू शकले असते. मी खुलासा पूर्ण करून घेतला. मुलीने रडका चेहरा खोडला आणि त्यावर हसरा काढला. खोडताना कागद फाटला, म्हणून हसऱ्या चेहऱ्याला डाव्या बाजूला भोक पडले.

मंगळवारी मैत्रीण तिच्याशी बोलली नाही. मधल्या सुट्टीत एकच वाक्य बोलली, ते मुलीने घरी जसेच्या तसे सांगितले: “तुझ्यामुळे आबा शाळेत आले.” आबा शाळेत आल्यापासून तिला वर्गात ‘शे’ असे नाव पडले होते. बुधवारी बाईंनी तिला खिडकीच्या रांगेतून उठवून दाराजवळच्या पहिल्या बाकावर, मॉनिटर मुलीशेजारी बसवले. कारण विचारल्यावर बाई म्हणाल्या, “भावनिक सुरक्षिततेसाठी.” जुन्या बाकावर माझी मुलगी दोन दिवस एकटी बसली. मग तिच्या शेजारी दुसरी एक मुलगी आणून बसवली.

त्या आठवड्यात मुलीला एकाच गोष्टीशी कर्तव्य होते. मैत्रीण परत बोलेल की नाही. ती हे रोज वेगळ्या तऱ्हेने विचारी. बुधवारी रात्री जेवताना तिने वडिलांना विचारले, “कट्टी जास्तीत जास्त किती दिवस असते?”

तिचे वडील नरडाण्याच्या कारखान्यात आहेत. पहिली पाळी असली की रात्री घरी असतात. ते म्हणाले, “आमच्या वेळी संध्याकाळपर्यंत मिटायची.”

“तुमच्या वेळी कोणाचे आबा वर्गात यायचे?”

“नाही.”

“मग.”

मोठ्या माणसांचे मात्र मिटण्यासारखे काही नव्हते, उलट रंगात आले होते. आबा घड वाटताना कोणीतरी फोटो काढला होता. तो ग्रुपवर आला, त्याखाली अंगठ्यांची आणि हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. ‘हीच आपली संस्कृती’ असे एकाने लिहिले. फरसाणाचे दुकान असलेल्या एका पालकांनी मंगळवारी वर्गासाठी तिखट शेव पाठवली. पाकिटावर दुकानाचे नाव होते. बुधवारी एका डेअरीवाल्यांकडून मठ्ठा आला. मुलांची प्रगती पत्रके घरी होती आणि ‘वाटून घेते’ या ओळीवर सह्या व्हायच्या होत्या. कोणत्याच घराला आपला हात आखडता दिसू द्यायचा नव्हता.

“आपण मागे राहिलो,” मुलीचे वडील म्हणाले.

“आपल्यावर काही आरोप नाही,” मी म्हणाले.

“आपणच तर आरोप केलाय. आपण नाही पाठवलं तर कसं दिसेल?”

गुरुवारी आमचे पेढे गेले. शुक्रवारी एका घरून शेवभाजीचे पातेले आले आणि त्यावर दोन बोटे तर्री होती. शुक्रवारच्या चौथ्या तासाला तीन मुलांना वर्गातच उलट्या झाल्या. त्यात पाचही दिवस सगळे खाल्लेला एक होता. त्याच्या पुरवणीत ‘आनंदाने स्वीकारतो’ या ओळीला हसरा चेहरा होता.

शनिवारी परिपत्रक निघाले. विद्यार्थ्यांनी घरून आणलेला डबा स्वतःच खावा, इतरांना देऊ नये व इतरांकडून घेऊ नये, नियम मोडणाऱ्याची नोंद घेतली जाईल. खाली मुख्याध्यापिकांची सही आणि शिक्का. ‘वस्तू व खाऊ वाटून घेते’ ही ओळ पुरवणीत तशीच राहिली. तिच्यासमोर काय लिहायचे, असे बाईंनी विचारले तेव्हा सर्वांना हसरा द्यावा असे ठरले. त्या सत्रात चौथी अ मधली सगळी मुले वाटून खाण्यात उत्तम ठरली आणि कोणीही वाटून खात नव्हते.

जानेवारीत शाळेने पालकांसाठी ‘मुलांच्या भावना समजून घेताना’ या विषयावर कार्यशाळा ठेवली. वक्ते जळगावहून आले होते. त्यांनी मुलाचे ऐकून घेण्यावर दीड तास भाषण केले. प्रश्नांना वेळ उरला नाही. पुढच्या रांगेतल्या खुर्चीवरून दोन पालकांची वादावादी झाली, ती वक्त्यांनी स्वतः मिटवली. शेवटी त्यांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि आत्ता मनात जे आहे तो चेहरा काढायला सांगितले. गोळा झालेले कागद मी पाहिले. सगळे हसरे होते. वादावादी केलेल्या दोघांचेही. आबा कार्यशाळेला आले होते, शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांचा कागद कोरा होता. मी त्यांना नमस्कार केला. “बठ्ठं ठीक शे,” ते म्हणाले. मग शहरी मराठीत म्हणाले, “नात म्हणते, शाळेत येत जाऊ नका.”

मी त्यांना तेव्हाही भाकरीचे सांगितले नाही.

फेब्रुवारीत मुलीने डब्याविषयी एक मागणी केली. एरवी ती एक पोळी अर्धी परत आणते. आता दोन पोळ्या हव्यात म्हणाली, तूप-गुळाच्या, गुंडाळी करून. भूक वाढली असेल, असे वडील म्हणाले. वाढीच्या वयाविषयी त्यांनी थोडे सांगितलेही.

दुसऱ्या सत्राची पुरवणी मार्चमध्ये आली. या वेळी तिला चौथा भाग होता, स्वतःविषयीचा. शाळेतच भरून घेतलेले पत्रक एका सोमवारी सहीसाठी घरी आले. बाकावरच्या नव्या शेजारणीला मुलीने तिन्ही ओळींत हसरे चेहरे काढले होते. नवी शेजारीण काही दिवसांपासून गोवराने आजारी होती आणि शाळेत येत नव्हती. आधीही दोघींचे फारसे बोलणे नव्हते.

“ही तुला मदत करते?” मी विचारले.

“नाही.”

“खाऊ देते?”

“द्यायचा नसतोच ना.”

“मग हसरा का काढलास?”

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू प्रश्न लहान मुलाने विचारला आहे. “हसरा काढला की कोणी शाळेत येत नाही, आई.”

बाईंनी आपल्या भागात लिहिले होते: ‘सामाजिक समज वाढली आहे. चांगली प्रगती.’ शब्द बाईंचेच होते. मी सही केली.

स्वतःविषयीच्या भागात एक ओळ होती, ‘मी शाळेचे सर्व नियम पाळते’. तिच्यापुढे मुलीने हसरा चेहरा काढला होता. चेहरा नीट गोल होता, खाडाखोड नव्हती.

त्याच संध्याकाळी मी तिचा डबा घासायला घेतला. पोळ्या संपल्या होत्या. डब्याच्या कोपऱ्यात काळपट भाकरीचा बोटभर तुकडा होता. मी तो खाऊन पाहिला. खारट होता. आमच्या घरी कळण्याचे पीठ कधी आणलेले नाही.